दवंडी कोणी द्यायची?

निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचा ‘महाराज’ नावाचा काळा कुत्रा जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकात गाजला. मालकाच्या मागोमाग तो पायी पंढरपूरला गेला, तिथल्या गर्दीत चुकला, शोधूनही सापडला नाही. मालक निराश होऊन घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी हा दारात शेपटी हलवत उभा. सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर त्याने एकट्याने कापले होते. गावाने त्याच्या गळ्यात हार घातले, जेवणावळ केली, विठ्ठलानेच त्याला घरी पोचवले असे म्हटले. या श्रद्धेबद्दल बोलण्यासारखे काही नाही, ती त्या गावाची आहे. पण ही गोष्ट मोबाइलवरून घरोघर फिरली तेव्हा तिच्याबरोबर एक समजूतही फिरली आणि ती मात्र घातक आहे. मुका जीव आपले घर शोधतोच, थोडी वाट पाहा, येईल, अशी ती समजूत. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेला कुत्रा असो की खिडकीतून उडी मारून गेलेले मांजर, पहिला दिवस, बहुतेकदा पहिले दोन-तीन दिवस, या ‘येईल’मध्ये जातात. नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

परत आलेल्याची बातमी होते. न आलेल्याची होत नाही, म्हणून तो कुणाच्या हिशेबात येत नाही. हिशेब मांडणारे अभ्यास आहेत, पण ते परदेशातले. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हजाराहून थोड्या अधिक घरांना विचारले गेले, की गेल्या पाच वर्षांत तुमचा प्राणी हरवला का आणि हरवला तर कसा सापडला. हरवलेल्या कुत्र्यांपैकी 93 टक्के आणि मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश परत मिळाली होती. कशी मिळाली, हे अधिक महत्त्वाचे. सापडलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी, 49 टक्के, घरच्यांनी आसपासचा परिसर पायाखाली घातल्यामुळे सापडली. 15 टक्के गळ्यातल्या बिल्ल्यामुळे किंवा तत्सम ओळखीमुळे. आपण होऊन घरी परतणारा कुत्रा पाचात एखादाच. मांजरांचे वेगळे आहे, सापडलेल्यांतली 59 टक्के स्वतःहून आली. म्हणजे ‘येईल’ ही आशा मांजरापुरती अगदीच खोटी नाही. पण हरवलेल्या मांजरांतले दर चौथे कधीच घरी आले नाही, हेही त्याच पाहणीत आहे.

मांजरांविषयी 2018 साली आलेला दुसरा एक अभ्यास याहून उपयोगी आहे. त्यात हरवलेल्या 1,210 मांजरांची माहिती गोळा केली गेली. वर्षभरात 61 टक्के सापडली, पण जिवंत सापडलेल्यांचा मोठा वाटा पहिल्या सात दिवसांतला. आणि सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरे जिथून गेली तिथून पाचशे मीटरच्या आत होती. पाचशे मीटर म्हणजे नाशिकच्या अंबड भागाच्या मापाने त्रिमूर्ती चौकातून निघून चार-सहा गल्ल्या. मांजर दूर गेले नव्हते. ते जवळच दडून बसले होते आणि घरचे लोक दूरदूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो पाठवत होते, असे चित्र यातून उभे राहते. परदेशातले हे आकडे जसेच्या तसे नाशिकला लागू होणार नाहीत. तिथे मोकळी अंगणे आहेत, भटकी कुत्री फारशी नाहीत, रस्त्यावर टेम्पोची दाटी नाही. पण मांजराचा स्वभाव दोन्हीकडे एकच. घाबरलेले मांजर धावत सुटत नाही, ते पहिल्या अंधाऱ्या फटीत शिरते आणि गप्प बसते. मालकाने हाक मारली तरी ओ देत नाही.

म्हणून अंबडमध्ये, सिडकोत शोध म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवे. सिडकोने नवीन नाशिक वसवले ते योजनायोजनांत, लहान घरे एकमेकांना चिकटवून. मूळ आराखड्यातली ती बुटकी रांग आज दोन-तीन मजली झाली आहे आणि वाढीव बांधकामांमुळे घराघरांत हातभर रुंदीच्या बोळकांड्या उरल्या आहेत. त्यांत जुनी कौले, मोडक्या सायकली, कूलरचे सांगाडे. हीच मांजराची जागा. जिन्याखालची पाण्याची टाकी, तिचे अर्धवट सरकलेले झाकण, शेजारच्या बंद घराची गच्ची, गल्लीच्या तोंडाशी उभ्या छोट्या हत्ती टेम्पोच्या इंजिनाजवळची ऊब, हे सगळे एकेक करून पाहावे लागते. ते दिवसा होत नाही. दिवसभर गल्लीत गाड्या, भाजीवाले, मुले, कुत्री. रात्री दोननंतर, मुंबई-आग्रा महामार्गाचा आवाज उरतो तेवढाच उरतो, तेव्हा बॅटरीचा झोत जमिनीलगत फिरवला की फटीतले डोळे चमकतात. शेजाऱ्यांना ‘आमचे मांजर पाहिलेत का’ एवढे विचारून भागत नाही. त्यांची टाकी, त्यांचे कुलूपबंद गॅरेज उघडून दाखवायची विनंती करावी लागते. दोन-चार दिवसांसाठी गावाला गेलेल्या शेजाऱ्याच्या खोलीत मांजर कोंडले जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे शेजारधर्म अजून एवढा शिल्लक आहे, की रात्री दार वाजवून हे मागता येते. मागायला लाजू नये.

कुत्र्याची गोष्ट निराळी. तो पळतो आणि पळताना रस्ता धरतो. अंबडमधून बिथरलेला कुत्रा एका बाजूला औद्योगिक वसाहतीत शिरतो, दुसऱ्या बाजूला पाथर्डी फाट्याकडे आणि महामार्गावर. अशा वेळी दहा जणांनी नाव घेऊन त्याच्या मागे धावणे म्हणजे त्याला कंटेनरखाली ढकलणेच. घाबरलेल्या कुत्र्याला मालकाचाही चेहरा उमगत नाही. खाली बसावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये, ओळखीच्या आवाजात हळू बोलावे, त्याला येऊ द्यावे. आणि त्याला कोणी पाहिले असेल, याचे उत्तर फेसबुकपेक्षा एमआयडीसीच्या गेटावरचा वॉचमन अधिक खात्रीने देईल. रात्रपाळीचे कामगार, पहाटे चहाची टपरी उघडणारा, दूधवाला, पेपरवाला, घंटागाडीवाला ही माणसे या भागातल्या प्रत्येक कुत्र्याला ओळखतात, नवा कुत्रा दिसला की त्यांच्या लगेच ध्यानात येते. यातले अनेक जण उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत. अंबडच्या खांबांवर लागणारे ‘हरवला आहे’चे कागद फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत असतात, ही मोठी चूक. खालच्या ओळीत हिंदीत दोन वाक्ये हवीतच. कागद पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड खाली करून चिकटवावा, नाहीतर पहिल्या सरीत फोन नंबरच आधी पुसला जातो. फोटो एकच पण मोठा, अक्षरे दुचाकीवरून जाताना वाचता येतील एवढी. आणि प्राण्याची एक खूण मुद्दाम लिहू नये, पोटावरचा डाग किंवा शेपटीची गाठ. ‘तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, गाडीभाड्याचे पैसे आधी पाठवा’ असे फोन येतात. ती खूण विचारली की खरे-खोटे कळते.

इथवरचे सगळे घरच्यांच्या हातातले आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. हरवलेला पाळीव प्राणी हे त्या कुटुंबाचे खासगी दुःख आहे, सार्वजनिक व्यवस्थेचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण धरून चाललो आहोत. हे आपल्याच परंपरेला आणि आपल्याच कायद्यांना धरून नाही. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आठवा. गावोगावचे कोंडवाडे त्या कायद्यातून आले. त्यात गुरांना गुन्हेगारासारखे डांबले जाई, मालकाकडून दंड घेतला जाई, हे खरे आहे. पण त्याच कायद्याने कोंडवाडेवाल्याला नोंदवही ठेवायला लावली. जनावर किती, कसे, केव्हा आणले, कोणी आणले, हे लिहायचे. सात दिवसांत मालक आला नाही, तर जनावराचे वर्णन आणि ठिकाण लिहून नोटीस लावायची आणि जवळच्या गावात, बाजारात दवंडी पिटवायची. आणखी सात दिवस वाट पाहायची, मगच लिलाव. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कळत होते, की हरवलेले जनावर आणि त्याचा मालक यांची गाठ घालून देणे हे एकट्या मालकाचे काम नाही. त्याला एक ठिकाण लागते, एक वही लागते आणि एक आवाज लागतो. गाईला, बैलाला ही सोय मिळाली कारण ते शेतकऱ्याचे भांडवल होते. कुत्र्या-मांजराला मिळाली नाही, कारण त्याची किंमत कुणाच्या खातेवहीत नव्हती.

हा फरक आजही तसाच आहे. दिंडोरी-निफाडच्या गोठ्यातल्या गाईच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. राज्य सरकारने जून 2024 पासून तो खरेदी-विक्रीला आणि सरकारी दवाखान्यातल्या उपचाराला बंधनकारक केला. एक क्रमांक टाकला की गाय कोणाची, लस कधी टोचली, हे कळते. मोबाइल हरवला तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक केंद्राच्या सीईआयआर पोर्टलवर टाकता येतो. मे 2023 पासून ही सोय देशभर आहे आणि पोलीस हरवलेले फोन शोधून मालकांना परत देण्याचे कार्यक्रम करतात. योगायोग असा, की कुत्र्या-मांजराच्या मानेजवळ कातडीखाली बसवायची चिपही पंधरा आकडीच क्रमांक बाळगते. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू. तिच्यात बॅटरी नसते, ती प्राणी कुठे आहे हे सांगत नाही, तसे समजणारे बरेच आहेत. वाचक-यंत्र जवळ नेले की ती फक्त आपला क्रमांक सांगते. पुढचे काम नोंदवहीचे. आपल्याकडे चिप बसवली जाते, क्रमांकाचा कागद मालकाच्या कपाटात राहतो किंवा एखाद्या खासगी संकेतस्थळावर. तो क्रमांक अंबडच्या दवाखान्यात वाचला गेला, तर कुणाला फोन करायचा, हे त्या डॉक्टरला कळावे अशी एक सर्वमान्य वही नाही. मोबाइलच्या पंधरा आकड्यांमागे सरकार उभे आहे. जित्या जीवाच्या पंधरा आकड्यांमागे कोणी नाही.

ओळख असली की काय फरक पडतो, हे अमेरिकेतल्या 53 निवारागृहांच्या 2009 सालच्या अभ्यासात स्पष्ट दिसते. तिथे आणल्या गेलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी एकूण 22 टक्के मालकाकडे परतली. चिप असलेल्यांत हे प्रमाण 52 टक्के होते. मांजरांत तर एकूण दोन टक्केही नाही आणि चिप असलेल्यांत 38 टक्क्यांहून जास्त. ज्या चिपवाल्या प्राण्यांचा मालक सापडला नाही, तिथे मोठे कारण होते जुना झालेला किंवा बंद पडलेला फोन नंबर. तिथेही वहीच तोकडी पडली. ब्रिटनने 2016 पासून कुत्र्यांना आणि इंग्लंडने 2024 पासून मांजरांना चिप सक्तीची केली, चेन्नई महापालिकेने 2025 मध्ये पाळीव कुत्र्यांच्या परवान्याला चिप जोडली. नाशिकने हे उद्याच करावे असे मी म्हणत नाही. चिप महाग वाटेल, वाचक-यंत्रे पुरेशी नाहीत, हे आक्षेप खरे आहेत. पण पट्ट्यावर पक्क्या शाईने लिहिलेला दहा आकडी मोबाइल नंबर ही गरिबातल्या गरिबाला परवडणारी चिप आहे आणि तिला यंत्र लागत नाही. महापालिका कायद्यात कुत्र्यांवरच्या कराची तरतूद पहिल्यापासून आहे. परवाना आणि बिल्ला ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. फक्त ती वसुलीची बाब समजली गेली, म्हणून लोकांनी टाळली. बिल्ल्याच्या बदल्यात ‘तुमचा प्राणी सापडला तर आम्ही फोन करू’ एवढे वचन मिळाले, तर लोक रांग लावून बिल्ला घेतील.

यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप मला माहीत आहे. मोकाट कुत्री लहान मुलांचे लचके तोडतात, त्यांचा बंदोबस्त होत नाही, रस्त्यांना खड्डे आहेत, आणि तुम्हाला लाडावलेल्या कुत्र्यांसाठी नोंदवही हवी? या रागामागे खरी वेदना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी 18 ते 20 हजार माणसे रेबीजने मरतात आणि त्यात मुले मोठ्या संख्येने असतात. पण हरवलेल्या पाळीव कुत्र्याची वही ही त्या प्रश्नापासून दूर नेणारी वाट नाही. नसबंदी न झालेली पाळलेली कुत्री रस्त्यावर आली की मोकाटांच्या संख्येत भर पडते, लशीची मुदत संपली की धोका वाढतो. कोण पाळलेला, कोण सोडून दिलेला, कोण गल्लीचा, हे ठरवता येत नाही तोवर मोकाट कुत्र्यांचे कोणतेही धोरण अंधारात चालते. गोव्याने हे करून दाखवले. तिथल्या रेबीज मोहिमेत लस टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल अॅपवर ठिकाणासह होते, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्री. गल्लीनिहाय कुत्र्यांची वही ठेवणे लहानशा राज्याला जमले, तर नाशिकच्या एका विभागाला का जमू नये?

शिवाय काळ बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. ती पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. त्या आदेशाच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. पण फटाक्यांनी घाबरून बसस्थानकात शिरलेला, पट्टा निसटलेला पाळीव कुत्रा आणि मोकाट कुत्रा यांत पकडणाऱ्याने फरक कसा करायचा? गावठी वाणाचा असेल तर अजिबातच करता येणार नाही. पूर्वी तो नसबंदी होऊन निदान त्याच गल्लीत परत सुटला असता, आता तो आवारातून गेला की गेला. त्यामुळे पकडून आणलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो, तारीख आणि ठिकाण जाहीरपणे पाहता येईल असे ठेवणे ही निवाऱ्याची पहिली जबाबदारी व्हायला हवी. 1871 च्या कायद्याने बैलाला जे दिले, तेवढेच.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूचा. हरवलेल्या माणसांचा शोध लागत नाही, चोऱ्या-हाणामाऱ्या आहेत, त्यात कुत्र्याची तक्रार कुठे घेणार? पोलिसांनी कुत्रे शोधत फिरावे, असे कुणीच म्हणणार नाही. पण हरवणे आणि पळवणे यांत फरक आहे आणि तो कायद्याने फार पूर्वी केला आहे. 1860 च्या दंड संहितेत चोरी म्हणजे काय हे समजावताना दिलेले एक उदाहरणच कुत्र्याचे आहे. एखाद्याने खिशात कुत्र्याला आवडणारे खाणे ठेवले आणि दुसऱ्याचा कुत्रा लबाडीने आपल्यामागे यायला लावला, तर कुत्रा मागे चालू लागला त्या क्षणी चोरी पूर्ण झाली, असे ते सांगते. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही ते उदाहरण कायम आहे. सापडलेला प्राणी मालक शोधण्याचा रीतसर प्रयत्न न करता स्वतःकडे ठेवून घेणे कलम 314 खाली अपहार ठरू शकते. 1872 चा करार कायदाही सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर अनामत ठेव सांभाळणाऱ्याएवढी जबाबदारी टाकतो. तेव्हा ‘सापडला तो माझा’ हे कायद्याला मान्य नाही. अडचण दुसरीकडे आहे. नव्या संहितेत पाच हजारांहून कमी किमतीची पहिली चोरी अदखलपात्र झाली आणि वस्तू परत दिल्यास शिक्षा फक्त समाजसेवेची. परिणाम असा, की विकत घेतलेला लॅब्राडोर पळवला तर गुन्हा नोंदला जाईल आणि रस्त्यावरून उचलून आठ वर्षे सांभाळलेली गावठी कुत्री पळवली तर एनसीची पावती मिळेल. दोन्ही घरांतले रडणे सारखेच असते. हे कलम कुत्र्यांचा विचार करून लिहिलेले नाही, पण लागते त्यांनाही. त्यामुळे गावठी प्राणी पाळणाऱ्यांनी लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याच्या पावत्या, वेगवेगळ्या वयाचे फोटो जपून ठेवावेत. मालकी सिद्ध करायला तेच उपयोगी पडते. आणि ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्यावीच, उद्या कुणाच्या घरी प्राणी सापडला तर ती तारीख बोलते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. काही लोक प्राणी सोडून देतात आणि ‘हरवला’ म्हणतात. म्हातारा झाला, आजारी पडला, घर बदलले, बाळ झाले, की रात्री गाडीत घालून लांब कुठेतरी उतरवायचे. 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपाशी-तहानेला सोडून देणे हा गुन्हा ठरवला, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. त्यातल्या दहा रुपयांत आज चहासुद्धा दोघांना मिळणार नाही. नोंदवही अशा माणसांच्या सोयीची होईल का? उलट होईल. नोंद असलेला प्राणी रस्त्यावर सापडला तर फोन मालकालाच जाणार आणि ‘आमचा नाही’ म्हणण्याची सोय उरणार नाही. ज्याला खरोखर शोधायचे आहे त्याला वही मदत करते, ज्याला टाकायचे आहे त्याला ती अडवते.

एक गोष्ट अंबडकरांनी इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यायला हवी. आपल्या वस्तीच्या कडेला शेत आहे, पांडवलेणीचा डोंगर आहे, विल्होळीकडचा उतार आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सिडकोतल्या सावतानगर आणि गोविंदनगर भागातून एकाच दिवशी दोन बिबटे पकडले गेले, हे लोक विसरलेले नाहीत. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा आणि 15 टक्के मांजरांचा निघाला. रात्रभर बाहेर राहिलेल्या कुत्र्याची ‘सकाळी येईल’ म्हणून वाट पाहणे या भागात किती महाग पडू शकते, ते यावरून कळावे. पोपट पाळणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असल्याने तो उडाला तर जाहिरात देण्याआधी पिंजऱ्याचाच विचार करावा.

मागणी मोठी नाही. महापालिकेच्या सिडको विभागीय कार्यालयात हरवलेल्या आणि सापडलेल्या प्राण्यांची एक वही असावी, कागदी किंवा मोबाइलवरची, पण एकच. खासगी दवाखाने, पशुसंवर्धन खात्याचा दवाखाना, प्राणिप्रेमी संस्था, कुत्री पकडणारी गाडी, सगळ्यांनी त्याच वहीत लिहावे आणि कोणालाही ती पाहता यावी. आवाजही आपल्याकडे आहे. घंटागाडीची पद्धत नाशिकनेच 1990 च्या दशकात रुळवली आणि ती आज गल्लीगल्लीत भोंगा लावून फिरते. कचऱ्याच्या सूचनांच्या मध्ये ‘उत्तमनगरमधून तपकिरी कुत्रा हरवला आहे’ एवढे एक वाक्य बसायला किती वेळ लागतो? दवंडी ती हीच. सिंहस्थात हरवलेल्या माणसांची नावे पुकारण्याची सवय या शहराला पिढ्यानपिढ्या आहे, 2027 मध्ये ती पुन्हा कामाला लागेल. तीच सवय गल्लीपुरती वळवायची आहे.

आणि वहीत एक रकाना मेलेल्या प्राण्यांसाठी हवा. महामार्गावर, एमआयडीसीच्या रस्त्यांवर गाडीखाली सापडलेले कुत्रे-मांजर उचलून नेले जाते. ते काम करणाऱ्यांबद्दल आदरच आहे, ते कुणीतरी करायला हवेच. पण गळ्यात पट्टा असेल तर उचलण्याआधी एक फोटो काढावा, जागा आणि वेळ लिहावी, पट्टा काढून ठेवावा. त्याला एक मिनिट लागते. ते एक मिनिट दिले गेले नाही, तर एखादे कुटुंब पुढची कित्येक वर्षे रात्री दाराशी खुडबुड झाली की उठून बसते, प्रत्येक तपकिरी कुत्र्यामागे गाडी वळवते, घर बदलायचे टाळते. मेल्याची बातमी कळणे हीसुद्धा त्या घरावर दया आहे.

विभागीय कार्यालय वही कधी उघडेल, ते लोकांनी किती वेळा विचारले यावर ठरेल. नगरसेवकाकडे, प्रभाग समितीत, सोसायटीच्या बैठकीत हे विचारावे. आणि तोवर आज संध्याकाळी दिवे लागायच्या आत आपल्या प्राण्याच्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्या आतल्या बाजूला दोन मोबाइल नंबर लिहावेत, एक घरातला, एक नातेवाइकाचा. पाण्याने न पुसणारे मार्कर पेन सिडकोतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.